‘कामी’ला देव म्हणावं का?

जपानवरच्या लेखाचं भाषांतर करताना एका वाचकाला दोन ठिकाणी अडायला झालं. जपानच्या जुन्या धर्माचं नाव ‘शिंटो’ लिहायचं की ‘शिंतो’? आणि त्यातल्या ‘कामी’ला मराठीत काय म्हणायचं, देव, देवता की आत्मा?

पहिलं लगेच मिटतं. शिंतो. जपानीत इथे दंत्य त आहे, ट आला तो इंग्रजीच्या वाटेनं. ‘शिन्’ म्हणजे कामीच, फक्त चिनी वळणाचा उच्चार. ‘तो’ म्हणजे मार्ग. ज्यूदोतला ‘दो’ हाच, लिहायची खूणसुद्धा तीच. ७२० सालच्या ‘निहोन शोकी’ या बखरीत शब्द आलाय, तो बुद्धाच्या धर्माशेजारी, वेगळेपणा दाखवायला.

आता कामी. ‘आत्मा’ आधी खोडा. तो ‘स्पिरिट’वरून आलाय, आणि मराठीत वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच भटकणारा आत्माच उभा राहतो.

‘देव’ही पुरत नाही. अठराव्या शतकातला पंडित मोतोओरी नोरिनागा सांगतो की जे जे असामान्य आणि जे पाहून माणूस दबकतो, ते कामी. पशुपक्षी, झाडं, समुद्र, डोंगर; चांगलंच असलं पाहिजे असंही नाही. नाराजवळ मिवा डोंगराच्या पायथ्याशी जुनं देवस्थान आहे. तिथे पूजेचा मंडप आहे, पण मागे गाभारा नाही. हात जोडायचे ते थेट डोंगराला. आपल्याकडे डोंगरावर देवी असते; इथे खुद्द डोंगरच. एखाद्या जुनाट झाडाच्या बुंध्याला भाताच्या पेंढ्याचा जाड दोर आणि त्याला नागमोडी पांढरे कागद लटकलेले दिसले, की समजायचं, इथे कामी आहे. माणूसही कामी होतो: सुगावारा नो मिचिझाने हा दरबारी विद्वान ९०३ साली हद्दपारीत मेला, मग राजधानीत विजा पडल्या, त्याचाच कोप म्हणून त्याची पूजा सुरू झाली. आज परीक्षेआधी मुलं त्यालाच साकडं घालतात.

मराठीत जवळचा शब्द ‘दैवत’. कोकणात म्हणतात तो ‘जागेवाला’ किंवा ‘राखणदार’ भावानं आणखी जवळ, पण तो जागेचा राखण्या. जागा स्वतः नव्हे. म्हणून माझं मत: पहिल्यांदा ‘कामी, म्हणजे दैवत’ असं लिहा आणि पुढे कामीच ठेवा.

जाता जाता शिंतोतल्याच ‘केगारे’ या शब्दाचंही सांगतो, कारण त्याचं ‘पाप’ केलेलं मी वाचलंय. तो विटाळ आहे. घरात मृत्यू झाला की काही दिवस देवस्थानात जात नाहीत, म्हणजे आपलं सुतकच. देवस्थानाच्या तोंडाशी पळीने पाणी घेऊन आधी डावा हात, मग उजवा, मग चूळ, हे धुणं याच विटाळाचं. त्यानंतर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. इझुमोच्या देवस्थानात टाळ्या चार.

राहिली एक अडचण. मराठीत ‘कामी’ शब्द आधीच आहे: ‘कामी येणे’. लढाईत कामी आले, म्हणजे मेले. तोक्योचं यासुकुनी देवस्थान १८६९ सालचं, आणि तिथे युद्धात मेलेल्यांनाच कामी मानतात. दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण त्या प्रकरणाचं भाषांतर करताना ‘कामी आलेले कामी’ असं वाक्य होऊन बसेल, तेवढं सांभाळा.