वंध्य वळूचा दोष वंशात टिकतो कसा?

प्रश्न : घरच्या गायीचा खोंड आम्ही वळू म्हणून राखला. तो अंगाने धडधाकट आहे, रेताच्या तपासणीत शुक्राणूंची संख्या आणि हालचालही चांगली आढळली. तरी त्याच्याकडून भरवलेल्या गायी उलटतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात. दोष आनुवंशिक असावा, असे सांगण्यात आले. पण ज्याला संततीच होत नाही, त्याचा दोष वंशात उतरेल कसा? (एक पशुपालक, सांगली जिल्हा)

उत्तर : असा दोष वळूच्या आईवडिलांकडून येतो आणि त्यांच्यात तो दिसत नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. शुक्राणू घडवणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडली तर दुसरी काम भागवते, आणि गायीत दोन्ही बिघडल्या तरी, ते काम शुक्राणूपुरतेच असल्यास, ती नेहमीसारखी गाभण राहते. वाहक (एकच प्रत बिघडलेला) वळू आणि वाहक गाय एकत्र आल्यास सरासरीने आठ वासरांत एकच वंध्य खोंड निपजतो. म्हणूनच दोष पिढ्यानपिढ्या दडून राहतो.

आपल्या वळूसारखेच चित्र जर्मनी-ऑस्ट्रियातील फ्लेकफी जातीत दिसले होते. २०१४ मध्ये त्याचे कारण टीएमईएम९५ या जनुकातील बदलात सापडले. त्या वळूंचे शुक्राणू पोहत होते, दिसायलाही निर्दोष होते. मात्र बीजांडाशी एकरूप होण्यासाठी लागणारे प्रथिन त्यांच्यात नव्हते, त्यामुळे शंभर रेतनांपैकी जेमतेम दोन यशस्वी होत. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी किती अपुरी ठरू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. फिनलंडच्या यॉर्कशायर डुकरांतील दोष मात्र उघड दिसणारा होता : एसपीईएफ२ जनुकात डीएनएचा उपरा तुकडा घुसल्याने शुक्राणूंची शेपटी आखूड आणि निश्चल राहत असे.

तरीही लगेच जनुकांना दोष देऊ नये. वळूच्या वृषणात शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस लागतात, म्हणून उन्हाळ्याचा किंवा तापाचा परिणाम उशिरा दिसतो. दोन महिन्यांनी रेत पुन्हा तपासावे, ब्रुसेल्ला या गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूची चाचणी करावी आणि त्याच गायी दुसऱ्या वळूच्या रेताने गाभण राहतात का, तेही पाहावे. त्या राहिल्या आणि हा वळू तसाच राहिला, तर त्याला बाजूला काढावे. त्याची आई वाहक आहेच असे, आणि सख्ख्या बहिणींपैकी प्रत्येकीत बिघडलेली निदान एक प्रत असण्याची शक्यता चारात तीन इतकी धरून त्यांना त्याच रक्ताच्या वळूकडे भरवू नये.