मिशनरी जहाजावर इंजिन रूममध्ये काम करणाऱ्याला मंडळीने आधार द्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: धाकटा भाऊ फिटर आहे, बंदरोबंदरी जाऊन पुस्तकजत्रा भरवणाऱ्या आणि ख्रिस्ती सुवार्ता सांगणाऱ्या एका मिशनरी जहाजावर दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून त्याची निवड झाली, पण पुस्तकजत्रेऐवजी त्याला इंजिन रूम मिळाली. मंडळीतले, म्हणजे त्याच्या चर्चमधले, काहीजण विचारतात की नटबोल्ट आवळायला दानार्पणातले पैसे कशाला? तर आधार द्यावा का, आणि तिथलं रोजचं जगणं कसं असतं?

द्यावा. पुस्तकांच्या टेबलामागे उभ्या राहणाऱ्याला जेवढा देता त्याहून एक पैसा कमी नको. मिशन समित्यांच्या बैठकांत मी हा वाद इतक्यांदा घातला आहे की आता त्यावर मऊ बोलणं जमत नाही. 'तो सुवार्ता सांगायला जात नाहीये, मेकॅनिक म्हणून जातोय' हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं त्यांनी जहाज चालतं कसं याचा कधी विचारच केलेला नसतो.

'लोगोस होप' या मिशनरी जहाजाचंच घ्या. १९७३ साली जर्मनीत माणसं आणि मोटारी वाहून नेणारी फेरीबोट म्हणून ते बांधलं गेलं. २००४ ला ते या सेवेसाठी विकत घेतलं आणि लोकांसाठी खुलं झालं २००९ च्या फेब्रुवारीत. मधली जवळजवळ पाच वर्षं त्या जहाजावर मुख्य काम वेल्डरचं, इलेक्ट्रिशियनचं, प्लंबरचं आणि सुताराचं होतं. आज लोक जिथे पुस्तकं चाळतात तिथे पूर्वी गाड्या उभ्या राहत. ती पाच वर्षं सेवाकार्य नव्हती असं कोणी म्हणणार असेल तर त्याने पुढच्या वर्षांचं श्रेयही घेऊ नये. उलट बाजूने अशाच सेवेतलं 'डूलोस' पाहा. १९१४ चं जहाज, १९७७ ला विकत घेतलेलं, आणि २००९ संपता संपता थांबलेलं. त्यावर प्रचारक कमी पडले म्हणून ते थांबलं नाही. तपासणीत निघालेली दुरुस्ती आणि प्रवासी जहाजांतल्या ज्वालाग्राही साहित्याबद्दल २०१० पासून लागू होणारे सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियम, हे दोन्ही मिळून खर्च आवाक्याबाहेर गेला. जहाजाचं आयुष्य लोखंड, पाइप आणि सर्टिफिकेट ठरवतात.

आता तुमचा भाऊ नेमकं काय करेल ते सांगतो. इंजिन म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मुख्य इंजिन येतं. पण अशी जहाजं वर्षाचा मोठा भाग बंदराला बांधलेली असतात आणि तेव्हा मुख्य इंजिन बंद असतं. जनरेटर, पंप, एअर कंडिशनिंग, पाणी आणि संडास मात्र चोवीस तास चालू लागतात. नव्या फिटरच्या वाट्याला येतात ते पंपांचे सील, गळके व्हॉल्व्ह आणि संडासाच्या लाइनी.

संडासावर मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण समितीत हा विषय निघाला की लोक नजर चुकवतात. बहुतेक प्रवासी जहाजांवर व्हॅक्यूम पद्धत असते. पाइपात हवेचा दाब साधारण निम्म्यावर आणून ठेवतात. बटण दाबलं की भांड्यामागचा व्हॉल्व्ह काही क्षण उघडतो आणि लिटर-दीड लिटर पाण्यात सगळं ओढलं जातं. पाण्याची बचत मोठी, पण पद्धत नाजूक. एका केबिनमधल्या व्हॉल्व्हचं रबर झिजलं की तिथून हवा सतत आत शिरते, पंप थांबायचं नाव घेत नाही, तापतो, आणि त्या लाइनवरच्या सगळ्याच केबिनमध्ये फ्लश मंदावतो. तक्रार येते पाचव्या केबिनमधून आणि दोष असतो सतराव्या केबिनमध्ये. तो शोधायची रीत एकच. एकेका शाखेचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गेजकडे पाहायचं, काटा सावरला की दोष त्या शाखेत. मग त्या शाखेतल्या एकेका भांड्याशी कान लावून हवेची शीळ ऐकायची. हे रात्री करावं लागतं, कारण दिवसा लोक वापरत असताना काटा स्थिर राहतच नाही.

दुसरा दोष म्हणजे पाइपाच्या आत जमणारा थर. लघवीतले क्षार आणि पाण्यातला चुना मिळून दगडासारखं कवच धरतं. काही वर्षांत शंभर मिलिमीटरच्या पाइपात हात जाणार नाही इतकं तोंड बारीक होतं. सौम्य आम्ल नियमित सोडलं तर थर हळू धरतो. एकदा धरला की पाइपाचा तुकडा उघडायचा, बाहेर काढायचा, ठोकून साफ करायचा आणि नवं गॅस्केट (जोड हवाबंद करणारी चकती) घालून बसवायचा. गॅस्केट जुनंच वापरलं तर पुन्हा हवा शिरते आणि काम पहिल्यापासून. तिसरा दोष माणसांचा: ओले वाइप्स, सॅनिटरी पॅड, कापूस, दात साफ करायचा दोरा. दोरा व्हॉल्व्हच्या रबराला गुंडाळतो. पाकिटावर 'फ्लश करता येतं' असं छापलेले वाइप्सही अडकतातच.

याच्या पुढे मैलाशुद्धीकरणाचा प्लांट. त्यात सूक्ष्मजीव मैला खातात आणि त्यांना हवा लागते. एअर ब्लोअर काही तास बंद पडला तर ते गुदमरतात आणि घाण वास सुटतो. स्वच्छतेच्या भरात कोणी संडासात बाटलीभर ब्लीच ओतलं तरी तेच. मेलेला प्लांट पुन्हा जिवंत व्हायला बरेच दिवस जातात. समुद्रात शुद्ध न केलेला मैला सोडायचा तर मारपोल या सागरी प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे किनारा १२ सागरी मैलांहून दूर हवा आणि जहाज किमान ४ नॉटने (तासाला ४ सागरी मैल) चालतं हवं. बंदरात उभं जहाज यांपैकी काहीच करू शकत नाही. टाकी भरली की टँकर बोलवायचा, आणि तो वेळेत आला नाही तर संडास बंद. संडास बंद म्हणजे पाहुणे बंद, पुस्तकजत्रा बंद, कार्यक्रम बंद. त्या दिवशी जहाजावर सगळ्यात महत्त्वाचा माणूस कोण, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पाण्याचंही असंच. काही जहाजांवर मुख्य इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळून गोडं करतात, काहींवर आरओ असतो. पहिला प्रकार इंजिन बंद असताना चालत नाही. दुसऱ्याला बंदरातलं तेलकट, गढूळ पाणी देता येत नाही, त्याचे मेम्ब्रेन (गाळणारे पडदे) खराब होतात. म्हणून बंदरात पाणी विकत घ्यायचं. ३५० माणसं आणि माणशी १५० लिटर धरलं तर दिवसाला साडेबावन्न टन पाणी होतं. गरम पाणी टाकीत ६० अंशांवर ठेवायचं, नळाशी ५० च्या खाली येऊ द्यायचं नाही, आणि रिकाम्या केबिनमधले नळ व शॉवर आठवड्यातून एकदा काही मिनिटं वाहते ठेवायचे. नाहीतर साचलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनियाचा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. हे नळ सोडत फिरण्याचं काम अगदी नव्या माणसाला देतात. भावाला मिळालं तर त्याने ते कमी लेखू नये आणि न करता वहीत टिक तर मुळीच करू नये.

रोजच्या जगण्याबद्दल थोडंच लिहितो. अविवाहितांच्या केबिन लहान आणि सामायिक असतात, खिडकी मिळेलच असं नाही. वॉच असेल तर चार तास काम, आठ तास सुटी, पुन्हा चार तास. दिवसपाळी असेल तर सकाळी सुरू. नाविकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. ती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत, त्यातला एक तुकडा सलग ६ तासांचा. हा नियम स्वयंसेवकालाही लागतो. सेवेच्या उत्साहात लोक तो मोडतात आणि वर त्याला त्याग म्हणतात. मी याच्या स्पष्ट विरोधात आहे. झोप न झालेला माणूस चुकीचा व्हॉल्व्ह उघडतो.

आग आणि जहाज सोडण्याच्या ड्रिल प्रवासी जहाजावर दर आठवड्याला होतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, की हातातलं काम टाकून मस्टर स्टेशनवर, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागी. याच सेवेतलं पहिलं जहाज 'लोगोस' ४ जानेवारी १९८८ ला दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, बीगल चॅनेलमध्ये खडकावर चढलं. जहाज गेलं, पण त्यावरची सगळी माणसं सुखरूप उतरली. ड्रिलला कंटाळणाऱ्या प्रत्येकाला मी ही तारीख सांगतो.

आता आधाराचं. जहाजावर पगार कोणालाच नसतो, कॅप्टनलाही नाही. प्रत्येकाचा खर्च त्याच्या गावचं चर्च, नातेवाईक आणि मित्र उचलतात. मंडळ्या चूक करतात ती इथे: पाठवणीच्या उपासनेत मोठी रक्कम गोळा करतात आणि पहिलं वर्ष सरता सरता हात आखडतात. उलट करा. रक्कम लहान ठरवा, पण २४ महिन्यांची लेखी हमी द्या, आणि परतल्यावर किमान तीन महिन्यांची वेगळी तजवीज करा, कारण तो उतरेल तेव्हा हातात नोकरी नसेल. मासिक खर्चाच्या बाहेर राहणाऱ्या गोष्टी आधीच मोजा: जहाजापर्यंतचा आणि परतीचा प्रवास, नाविकांची वैद्यकीय तपासणी (ती साधारण दोन वर्षं चालते), लशी, विमा, आणि मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण. त्या प्रशिक्षणात आग विझवणं, समुद्रात तग धरणं, प्रथमोपचार आणि वैयक्तिक सुरक्षा असे चार भाग असतात. ते कुठे आणि कोणाच्या खर्चाने होणार हे संस्थेला लेखी विचारा. पीतज्वराची लस पहिल्यांदा घेतली की प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, म्हणून निघायच्या आठवड्यात धावपळ करू नका. पासपोर्ट जास्त पानांचा काढा आणि मुदत सेवा संपल्यानंतरही निदान सहा महिने उरेल अशी बघा.

खाऊचे, कपड्यांचे खोके मात्र पाठवू नका. खोकं पोहोचेपर्यंत जहाज पुढच्या बंदराला गेलेलं असतं. मग पोर्ट एजंटला ते कस्टम्समधून सोडवायचं, ठेवायचं, पुढे पाठवायचं, आणि त्याची फी जहाजावर पडते. जहाजाचे सुटे भाग 'जहाजासाठी, पुढे जाणारा माल' अशा कागदपत्रांवर येतात म्हणून बहुतेक ठिकाणी त्यांना आयात शुल्क लागत नाही. त्याच खोक्यात कोणी वैयक्तिक वस्तू घुसवल्या आणि त्या सापडल्या तर अख्खी खेप अडकते. एका लोणच्याच्या बरणीपायी पंपाचा सील अडकणं कोणालाच परवडत नाही. मंडळीला वस्तूच द्यायच्या असतील तर संस्थेच्या किनाऱ्यावरच्या कार्यालयाला यादी मागा आणि यादीबाहेरचं काही देऊ नका. पुस्तकांनाही हेच लागू. खोकी रचायच्या लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का हवा, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असावं. शिक्का नसेल तर बंदरात माल थांबतो. शिवाय कंटेनरच्या छताला रात्री घाम धरतो आणि थेंब वरच्या खोक्यांवर पडतात. वर जाड पुठ्ठा आणि बाजूंना ओलावा शोषणाऱ्या पिशव्या नसतील तर वरच्या थरातल्या पुस्तकांना बुरशी लागते. भावाची मंडळी जुनी पुस्तकं गोळा करायच्या विचारात असेल तर तो विचार सोडा. जत्रेला लागतात नवी, निवडलेली पुस्तकं.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. रुग्णालय-जहाजांची व्यवस्था वेगळी असते. 'आफ्रिका मर्सी' पूर्वी डेन्मार्कची रेल्वे फेरी होती आणि डबे उभे राहायचे त्या डेकवर रुग्णालय झालं. तिथे फिटरइतकीच गरज वैद्यकीय यंत्रं दुरुस्त करणाऱ्याची असते, आणि राहण्या-जेवणाच्या खर्चाचे नियमही वेगळे. दुसरं, इंजिन रूममधला माणूस कधीच बाहेर जात नाही असं नाही. कामाचं वेळापत्रक सांभाळून त्यालाही किनाऱ्यावरच्या कामांत, शाळांत, मंडळ्यांत पाठवतात. किती वेळा, ते जहाजाच्या वेळापत्रकावर अवलंबून. तिसरं, विभाग मधेच बदलू शकतो. आज इंजिन रूम, सहा महिन्यांनी गॅली, म्हणजे स्वयंपाकघर. समितीने आधार 'कामाला' बांधला असेल तर तेव्हा पुन्हा तोच वाद उभा राहील, म्हणून हमीपत्रात विभागाचं नाव लिहूच नका. आणि प्रचारक नकोत असं मी म्हणत नाही. दोघांना वेगळ्या तराजूत घालू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

समितीपुढे जाताना भावाने एक कागद न्यावा. त्यावर पहिल्या महिन्यातल्या कामांची यादी लिहावी, प्रत्येक कामापुढे ते झालं नाही तर जहाजावर काय बंद पडतं ते लिहावं, आणि वाचून दाखवावं. संडासाची ओळ वगळू नये.

सामानात पोलादी टोकाचे, तेलावर न घसरणारे बूट त्याच्या स्वतःच्या मापाचे असू द्या. जहाजाच्या स्टोअरमध्ये मिळतात, पण नेमकं आपलं माप असेलच असं नाही. कामाचे कपडे सुती हवेत, सिंथेटिक नकोत, कारण गरम पाइपाला लागलं की सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं. आणि तो वॉचवर असताना फोन करू नका, वेळ त्याला ठरवू द्या.