बारावी भौतिकशास्त्र: आधी छायाप्रत, मग पुनर्मूल्यांकन

ऐरोलीहून विचारणा आहे: मुलाला भौतिकशास्त्रात 100 पैकी 58 पडले, अपेक्षा पंचाहत्तरीची होती, वाशीच्या विभागीय मंडळात जाऊन पेपर पुन्हा तपासायला द्यावा का?

थेट देता येत नाही. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, आणि अर्ज ऑनलाइन होतो, त्यासाठी वाशीची फेरी नको. 2025 मध्ये निकाल 5 मे रोजी लागला, छायाप्रतीची मुदत 6 ते 20 मे होती. शुल्क प्रत्येक विषयाला छायाप्रतीचं 400 रुपये, पुनर्मूल्यांकनाचं 300, गुणपडताळणीचं 50. स्वस्त म्हणून नुसती पडताळणी करू नका. तिथे बेरीज चुकली का, एखादं उत्तर तपासायचं राहिलं का, एवढंच पाहतात. गुण कमी दिले ही तक्रार तिथे चालत नाही.

छायाप्रत आली की प्रश्नपत्रिका शेजारी ठेवा. लेखी पेपर 70 चा: विभाग अ 18, ब 16, क 24, ड 12. उरलेले 30 प्रात्यक्षिकाचे, ते छायाप्रतीत दिसणार नाहीत. 58 मधून प्रात्यक्षिकात मिळालेले गुण वजा करूनच लेखीचा हिशेब मांडा. प्रत्येक उत्तराचे गुण कागदावर उतरवून स्वतः बेरीज करा. पुरवण्या मोजा, मुलानं जोडल्या तेवढ्या आहेत का बघा. न तपासलेलं पान सापडलं तर दावा पक्का.

बहुपर्यायी प्रश्नांत मुलं फार फसतात. पहिलं उत्तर खोडून दुसरं बरोबर लिहिलं तरी पहिलंच ग्राह्य धरतात, तशी सूचना पेपरवरच छापलेली असते. ते गुण परत मिळायचे नाहीत. उदाहरणात एकक नाही, सिद्धतेत आकृती नाही, अशा ठिकाणी कापलेल्या अर्ध्या-एक गुणासाठीही मी 300 रुपये घालणार नाही. पण तीन-चार गुणांच्या बरोबर उत्तराला शून्य असेल तर जरूर भरा.

गरजही पाहा. राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाला खुल्या गटात भौतिक, रसायन, गणित मिळून 45 टक्के पुरतात. एनआयटी (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था) डोळ्यांसमोर असेल आणि बारावी 75 टक्क्यांच्या अलीकडे अडकली असेल, तर मात्र एकेक गुण मोलाचा.

छायाप्रत मिळाल्यावर पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला कामाचे पाचच दिवस असतात. मे महिन्यात विषयशिक्षक गावी गेलेले असतात, म्हणून त्यांना आजच फोन करून ठेवा.