तिघांत नसलेला अबीशय

तुमचा प्रश्न असा: ज्याने आयुष्यभर इमानाने सेवा केली, मानही मिळवला, पण सगळ्यात वरचं पद ज्याला कधीच मिळालं नाही, असं पवित्र शास्त्रात कोण आहे? योनाथान आणि बाप्तिस्मा करणारा योहान सोडून सांगा, असंही तुम्ही म्हटलंय. मंडळीत वर्षानुवर्षं सेक्रेटरी राहिलेल्या एका काकांच्या निरोपसभेत बोलायचंय म्हणून.

माझं उत्तर अबीशय. सरूवेचा मुलगा आणि दावीद राजाचा सेनापती यवाब याचा भाऊ. सरूवा ही दावीदाची बहीण, म्हणजे नात्याने हा दावीदाचा भाचा.

२ शमुवेलाचा २३ वा अध्याय काढा. दावीदाच्या वीरांची यादी तिथे आहे. या अध्यायावर उपदेश क्वचितच होतो. उच्चारताना जीभ अडखळावी अशी नावं, आणि संडे स्कूलच्या मुलांना त्यातला फक्त सिंह हवा असतो. यादी वरून खाली उतरत जाते. सगळ्यात वर तिघं. योशेब-बश्शेबेथ, ज्याने एका वेळी ८०० जण मारले (१ इतिहास ११ मध्ये आकडा ३०० आहे). एलाजार, जो बाकीचे मागे हटले तरी इतका लढला की हात तलवारीलाच चिकटून राहिला. आणि शम्मा, जो लोक पळून गेल्यावर मसुरीच्या शेतात मधोमध उभा राहिला. मग १८ व्या वचनात अबीशय येतो. त्याने भाल्याने ३०० जण मारले, नाव कमावलं, इतरांचा नायक झाला. पण त्या पहिल्या तिघांच्या बरोबरीला काही तो पोचला नाही. चारच वचनं पुढे बनायाबद्दलही हेच: तिघांच्या खालच्या ‘तीस’ वीरांत त्याचा मान मोठा, तरी तिघांची बरोबरी नाही.

मला हे लिहिणाऱ्याचं कौतुक वाटतं. दरबारातल्या भाटाने हे वाक्य सरळ गाळलं असतं. राजाचा सख्खा भाचा, राजाचा जीव वाचवलेला माणूस, त्याला तिघांत बसवायला कोणाची हरकत होती? इथे तसं झालं नाही. कौतुक पुरेपूर केलं आणि पायरी कोणती तेही सांगून टाकलं. समजूत घातली नाही आणि हिणवलंही नाही.

आता गंमत पाहा. ते तिघं दावीदाच्या चरित्रात इतर प्रसंगांत नावानिशी जवळजवळ भेटतच नाहीत. इतिहासाच्या याद्यांत एखादं नाव पुन्हा येतं, तेवढंच. प्रत्येकाचा एक दिवस, एक रणांगण, एक पराक्रम. अबीशय मात्र दावीद परागंदा होता तेव्हापासून त्याचे हात लढाईत थकू लागले तोवर, पानापानावर आहे.

१ शमुवेल २६ घ्या. तेव्हाचा राजा शौल ३,००० निवडक माणसं घेऊन दावीदाच्या मागावर हकीला टेकडीपाशी उतरलाय. रात्री छावणीत माझ्याबरोबर कोण येतो, असं दावीद दोघांना विचारतो. अहीमलेख हित्ती गप्प राहतो, अबीशय म्हणतो मी येतो. शौल झोपलेला, भाला उशाशी जमिनीत रोवलेला. अबीशय म्हणतो, एकाच घावात काम करतो, दुसरा लागणार नाही. दावीद त्याला अडवतो: परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकायचा नाही. मग भाला आणि पाण्याचा चंबू उचलून दोघं परत येतात. अबीशयाला हे पटलं असेल असं वाटत नाही. पण ऐकलं त्याने.

तो सौम्य माणूस होता असं मात्र सभेत सांगू नका. शौलाचा सेनापती अबनेर याच्या खुनात यवाबाबरोबर त्याचंही नाव आहे (२ शमुवेल ३:३०). दावीदाचा मुलगा अबशालोम याच्या बंडात दावीद यरुशलेम सोडून निघाला, बहूरीम गावापाशी शौलाच्या घराण्यातल्या शिमीने दगड-धूळ फेकत शिव्याशाप दिले, तेव्हा ‘या मेलेल्या कुत्र्याचं मुंडकं उडवून येतो’ म्हणणारा हाच. दावीदाने त्याला गप्प केलं. राजा विजयी होऊन परतला, शिमी पाया पडायला आला, तरी अबीशय पुन्हा तेच म्हणाला आणि पुन्हा बोलणी खाल्ली. सरूवेच्या मुलांनो, तुमचा माझा काय संबंध, असं दावीद दोन्ही वेळा म्हणतो. निष्ठा खरी, फक्त तिचं पहिलं पाऊल नेहमी शस्त्राकडे. यवाबही तसाच, पण फरक असा की यवाब करून मोकळा व्हायचा आणि अबीशय आधी विचारायचा. अबनेराचा प्रसंग तेवढा सोडून.

तुमच्या प्रश्नाशी सगळ्यात जवळचा भाग याच्यानंतर येतो.

सेनापतिपद यवाबाकडे कसं गेलं ते १ इतिहास ११:६ सांगतं. यरुशलेमातल्या यबूसी लोकांवर जो पहिला चाल करेल तो सेनापती, असं दावीद म्हणाला आणि यवाब पहिला चढून गेला. त्यात तक्रारीला जागा नाही. पण अबशालोमाचं बंड मोडल्यावर यवाबाला बाजूला सारायचं दावीदाने ठरवलं. जागा रिकामी होणार होती. बंडाच्या लढाईत राजाच्या बाजूची फौज तीन भागांत होती, त्यातला एक भाग अबीशयाच्या हाताखाली, एक यवाबाच्या, एक इत्तय गित्तीच्या. मग पद कोणाला? अमासाला. जो त्याच बंडात अबशालोमाचा सेनापती होता! तोही दावीदाचा भाचाच, दुसऱ्या बहिणीचा. यहूदा वंशाची मनं परत जिंकायची होती, म्हणून दावीदाने हे केलं; २ शमुवेल १९ मध्ये तो हिशोब स्पष्ट दिसतो. राजकारण म्हणून मला ते समजतं. निष्ठेची किंमत म्हणून पाहिलं तर आजही डोळ्यांत खुपतं.

अबीशय यावर काय म्हणाला? एक शब्द नाही. शिमीवर दोनदा तडकणारा माणूस इथे बोललेला दिसत नाही. पुढे शबा बिन बिक्रीने बंड केलं, अमासा सैन्य जमवायला गेला तो ठरलेल्या तीन दिवसांत परतलाच नाही, तेव्हा दावीदाने हाक मारली ती अबीशयाला: तू माणसं घे आणि त्याच्या मागे जा. तो निघाला. गिबोनापाशी यवाबाने अमासाला ठार केलं आणि सेनापतिपद पुन्हा यवाबाकडेच गेलं. अबीशय भावाबरोबर शबाच्या पाठलागावर.

श्रेयाचंही तसंच. क्षारखोऱ्यात अदोमी लोकांवर मिळवलेला विजय १ इतिहास १८:१२ अबीशयाच्या नावावर मांडतं, १८,००० मारले म्हणून. २ शमुवेल ८ मध्ये नाव दावीदाचं झालं, आणि स्तोत्र ६० च्या मथळ्यात यवाब आला, १२,००० आकड्यासह. भाष्यकार याची जुळवाजुळव निरनिराळ्या प्रकारे करतात. साहेबाच्या हाताखाली काम केलेल्या कोणालाही जुळवाजुळवीची गरज पडणार नाही.

आणि एक प्रसंग काकांच्या सभेत नक्की सांगा. २ शमुवेल २१. पलिष्ट्यांशी लढताना दावीद थकून गेला. इश्बी-बनोब नावाचा धिप्पाड पलिष्टी त्याला मारायच्या बेतात आहे, त्याच्या भाल्याचं पितळी टोकच ३०० शेकेल वजनाचं. अबीशय मधे पडला आणि त्याने त्या पलिष्ट्याला मारलं. त्यानंतर लोकांनी शपथ घेऊन दावीदाला सांगितलं: यापुढे तुम्ही आमच्याबरोबर लढाईला यायचं नाही, इस्राएलाचा दिवा विझू द्यायचा नाही. तो दिवा त्या दिवशी कोणामुळे तेवत राहिला हे वेगळं सांगायला नको.

बनायाचं नाव तुम्हाला बरेच जण सुचवतील. बर्फ पडत असताना खड्ड्यात उतरून सिंह मारणारा, नुसती काठी घेऊन मिसरी माणसावर गेलेला आणि त्याचाच भाला हिसकून त्याला मारणारा, दावीदाच्या अंगरक्षकांचा प्रमुख. माणूस उत्तम, पण तुमच्या प्रश्नात तो बसत नाही, कारण १ राजे २:३५ मध्ये शलमोनाने त्याला यवाबाच्या जागी सेनापती केलं. त्याला वरचं पद मिळालं, उशिरा का होईना. १ राजेमध्ये अबीशयाचं नाव कुठेच नाही. प्रेषितांची कृत्ये १ मधला बर्सबा म्हटलेला योसेफही चालला असता. येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताच्या प्रेषितपदाच्या जागेसाठी तो आणि मत्थिया उभे होते, चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. पण त्याच्याबद्दल पुढे काही सांगितलेलंच नाही, त्यामुळे भाषण दोन मिनिटांत संपेल.

पुन्हा २३ व्या अध्यायात या आणि यवाबाला शोधा. इतकी वर्षं सेनापती राहिलेल्या माणसाला या यादीत स्वतःची नोंद नाही. अबीशय ‘यवाबाचा भाऊ’ म्हणून आहे, असाएल ‘यवाबाचा भाऊ’ म्हणून आहे, यवाबाचा शस्त्रवाहक नहरय बैरोथकर आहे. शेवटी एकंदर ३७ म्हटलंय, आणि ती बेरीज जुळवायला काही अभ्यासक यवाबाला मनातल्या मनात धरतात. पण त्याच्या पराक्रमाची ओळ नाही. का वगळलं हे अध्याय सांगत नाही. अबनेर आणि अमासा यांचं रक्त हे कारण असावं असं मला वाटतं. मरताना दावीदानेही शलमोनाजवळ त्याच दोन खुनांची आठवण काढली होती. यादीतलं शेवटचं नाव मात्र उरीया हित्तीचं. ज्याला राजाने मारवलं, त्याचं नाव राजाच्याच वीरांत.

निरोपसभेत ‘तिघांच्या बरोबरीला पोचला नाही’ हे वाक्य वाचायचं का, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. मी असतो तर वाचलं असतं. काकांना आपण अध्यक्ष झालो नाही हे ठाऊक आहे, सभेलाही ठाऊक आहे. ते झाकायला गेलात तर सगळ्यांचं लक्ष तिथेच जाईल. फक्त वाचनाचा क्रम असा ठेवा: आधी १ शमुवेल २६, मग २ शमुवेल २१ मधला तो दिव्याचा प्रसंग, आणि यादीतली दोन वचनं त्यानंतर. अमासाचं प्रकरण सभेत काढू नका, विशेषतः सध्याचे अध्यक्ष पुढच्या बाकावर बसणार असतील तर.