वाचकांचे प्रश्न : एक रुग्ण आणि वीस निरोगी माणसे

प्रश्न : माझे थोरले बंधू ७१ वर्षांचे आहेत. विसरभोळेपणा वाढल्यामुळे जळगावला त्यांचा एमआरआय काढला. अहवालात उजव्या हिप्पोकॅम्पसचे (मेंदूतल्या स्मरणाशी निगडित भागाचे) आकारमान २.९ मिलिलिटर दिले असून, तुलनेसाठी घेतलेल्या २० निरोगी व्यक्तींची सरासरी ३.६ आणि प्रमाण विचलन (म्हणजे एकेकाचे माप सरासरीपासून साधारण किती दूर असते ते) ०.३५ असल्याचे नमूद आहे. डॉक्टरांनी त्यावरून ‘झेड उणे २’, म्हणजे सरासरीच्या दोन विचलने खाली, असे सांगितले. माझी भाची संख्याशास्त्र शिकते. तिने हेच आकडे घेऊन टी-चाचणी (लहान नमुन्यावरून फरक तपासण्याची रीत) केली, तेव्हा उत्तर उणे ८.९ आले आणि घरात सगळेच घाबरले. यातले खरे कोणते मानायचे? – एक वाचक, सावदा

उत्तर : भाचीचा गुणाकार-भागाकार बरोबर आहे, चुकला आहे तो प्रश्न. तिने ०.३५ ला २० च्या वर्गमुळाने भागले, ०.०७८ हा आकडा काढला आणि ०.७ च्या फरकाला त्याने भागले. पण ०.०७८ ही सरासरीची प्रमाण त्रुटी आहे, म्हणजे २० जणांवरून काढलेली सरासरी किती डळमळीत असू शकते याचे ते माप आहे. एकेक माणूस सरासरीपासून किती दूर असतो, हे त्यातून कळत नाही.

आपल्याकडच्या केळीच्या बागेतलेच उदाहरण घ्या. २० घड तोलले, सरासरी २२ किलो भरली आणि प्रमाण विचलन ३ किलो आले, तर सरासरीची प्रमाण त्रुटी पाऊण किलोहूनही कमी निघते. म्हणून १९ किलोचा एखादा घड समोर आला, तर त्या झाडाला रोग आहे असे रावेरचा कोणताही बागायतदार म्हणणार नाही, कारण असे घड तो रोजच कापतो. भाचीच्या रीतीने मात्र तो घड साडेचार पट ‘दूर’ ठरेल. मेंदूचेही तसेच : या गटातल्याच एखाद्या धडधाकट माणसाचे माप ३.४ असले, तरी त्या रीतीने उणे २.५५ येऊन तो रुग्ण ठरेल, आणि निरोगी शंभरांत पंचवीसहून अधिक लोक ३.४ च्या खाली असणे इथे अपेक्षितच आहे.

डॉक्टरांचा उणे २ हा आकडा सत्याच्या बराच जवळ आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे. ३.६ आणि ०.३५ हे जणू साऱ्या निरोगी समाजाचे पक्के आकडे आहेत, असे झेड मानते; प्रत्यक्षात ते अवघ्या २० जणांवरून केलेले अंदाज आहेत. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये लहान नमुन्यांची हीच अडचण मांडली होती. एकाच रुग्णाची लहान गटाशी तुलना करण्यासाठी क्रॉफर्ड आणि हॉवेल यांनी १९९८ मध्ये त्याच वाटेने जाणारी टी-चाचणी सुचवली. तिच्यात विचलनाला ‘१ अधिक १ भागिले २०’ याच्या वर्गमुळाने गुणतात. त्यातला १ हा त्या एकट्या माणसाच्या स्वाभाविक चढउतारासाठी असतो आणि १ भागिले २० हा सरासरीच्या डळमळीतपणासाठी. भाचीच्या सूत्रात पहिला १ नव्हता, म्हणून सगळा गोंधळ झाला.

त्याप्रमाणे टी उणे १.९५ येतो आणि स्वातंत्र्यांश (इथे गटाच्या संख्येहून एक कमी) १९ असतात. याचा अर्थ असा की, निरोगी लोकांत इतके किंवा याहून लहान माप शंभरांत सुमारे तिघांचे असेल. गट ५ जणांचाच असता, तर याच आकड्यांवरून सुमारे सात निघाले असते. झेड दोन्ही वेळा शंभरांत सुमारे दोघेच सांगतो, म्हणजे गट जितका लहान तितका तो विनाकारण घाबरवतो. आणि ‘शंभरांत तीन’ म्हणजे तुमच्या बंधूंना आजार असण्याची शक्यता ९७ टक्के आहे, असे नव्हे. हा घोटाळा शिकलेली माणसेही करतात.

याहून महत्त्वाची चौकशी वेगळीच आहे. ते २० जण कोण होते? ते चाळिशीतले असतील, तर ७१ वर्षांच्या माणसाची त्यांच्याशी तुलना न्याय्य नाही, कारण वयानुसार हिप्पोकॅम्पस आक्रसतोच. डोक्याच्या एकूण आकाराचा हिशेब धरला होता का, आणि सर्वांचे स्कॅन त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने काढले होते का, हेही विचारून घ्या. निदान डॉक्टर करतील, पण स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि घरच्यांनी पाहिलेले बदल यांच्या जोडीनेच.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या अहवालात मेंदूचे रंगीत चित्र असून, निरोगी गटाहून वेगळ्या जागी लाल ठिपके दाखवले आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे बिघाड समजायचा का? – एक वाचक, धुळे

उत्तर : नाही. अशा चित्रात मेंदूचे २ मिलिमीटरचे सुमारे दोन लाख घन पाडून प्रत्येकाची स्वतंत्र तुलना केलेली असते. पाच टक्क्यांची मर्यादा ठेवली, तर पूर्ण निरोगी मेंदूतही सुमारे दहा हजार घन केवळ योगायोगाने लाल होतील. त्यासाठी बहुतुलनेची दुरुस्ती करावी लागते, म्हणजे इतक्या तुलना एकदम केल्यामुळे मर्यादा अधिक कडक करावी लागते. ती केली आहे का, हे अहवालात लिहिलेले असायला हवे. शिवाय एकच व्यक्ती असल्यामुळे सरासरीने खाचखळगे बुजण्याची सोय नसते, आणि तिचा मेंदू प्रमाण नकाशावर (सर्वांच्या तुलनेसाठी वापरलेल्या नमुना मेंदूवर) नीट बसला नाही, तर ती तफावतही ठिपका बनून दिसते.

तपासण्याची सोपी रीत आहे. गटातल्या प्रत्येक निरोगी व्यक्तीला आळीपाळीने ‘रुग्ण’ मानून उरलेल्यांशी तिची तशीच तुलना करायची आणि तिच्या चित्रात किती ठिपके उमटतात ते पाहायचे. तुमच्या पत्नीच्या चित्रात त्याहून स्पष्टपणे जास्त किंवा मोठे ठिपके असतील, तरच त्यांची दखल घ्यावी. तपासणी केंद्राने हे केले आहे का, असे विचारायला संकोच करू नका.