चौदा सर्टिफिकेटं आणि एक हीटर

बेटा,

तू पाठवलेली ऑनलाइन कोर्सेसची चौदा सर्टिफिकेटं रात्री चष्मा लावून एकेक उघडून पाहिली. खाली तुझा प्रश्न: "काका, आता पंधरावा कोणता करू?" खरं सांगू? राग आला. मग चोपड्याहून जळगाव एमआयडीसीला येताना एसटीत उभ्यानं मोबाईलवर लेक्चर बघणारी तू आठवलीस आणि राग ओसरला. थोडाच.

पंधरावा करू नकोस. चौदांतला एक उचल आणि मशीनपर्यंत ने.

फुकटच्या शिक्षणाला मी नावं ठेवत नाही. आयआयटीवाल्यांच्या लेक्चरांचं एनपीटीईएल 2003 साली सुरू झालं, सरकारचं ऑनलाइन कोर्सेसचं स्वयम 2017 साली. त्यांच्यामुळेच माझ्यासारख्या आयटीआयवाल्याला 51व्या वर्षी आयआयटीचे प्राध्यापक ऐकायला मिळाले. आणि तू पूर्ण केलेस, हेही थोडं नाही. एमआयटी-हार्वर्डच्या असल्या कोर्सेसचा हिशोब 2019 साली 'सायन्स' नियतकालिकात आला होता: 2017-18मध्ये नाव नोंदवणाऱ्या 100 जणांत शेवटपर्यंत पोचले जेमतेम 3.

पण पोचून काय केलं?

अशाच एका कोर्सला पहिल्या खेपेला मी काय केलं ते तुझ्या काकूलाही ठाऊक नाही. असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरायची, ती मी जशीच्या तशी टाकायचो. 25पैकी 23! हजार रुपये भरून परीक्षा केंद्रावर बसलो. 75पैकी निदान 30 लागतात, मला मिळाले 19. ड्यूटी बारा तासांची होती, इंग्रजी झेपत नव्हतं, सगळं खरं. तरी चोरी ती चोरीच.

दुसऱ्या खेपेला पीआयडीचं, म्हणजे तापमान आपोआप सेटवर धरणाऱ्या कंट्रोलचं, लेक्चर चालू असतानाच आमच्या चटईच्या प्लांटवर एक्स्ट्रूडरचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून ढकलणाऱ्या मशीनचा, तिसरा हीटर झोन भडकायला लागला. 200 सेट केलं की 215वर जायचा, मग धाडकन खाली. कंट्रोलर मॅन्युअलवर टाकला, हीटरचं आउटपुट दहा टक्के वाढवलं आणि दर अर्ध्या मिनिटाला आकडा वहीत लिहीत बसलो. दोन मिनिटं तो हललाच नाही. तेव्हा डोक्यात पडलं, हाच डेड टाइम! लेक्चरमध्ये तीनदा ऐकून तीनदा विसरलेला. कंट्रोलरमधलं इंटिग्रल, म्हणजे साचलेली चूक भरून काढणारं सेटिंग, जास्तच चढवलेलं होतं. उतरवलं आणि झोन दोन अंशांत बसला. म्हणून म्हणतो, मशीनपर्यंत ने. कपाशीच्या काड्यांचा धूर डोळ्यांत गेल्याशिवाय भरिताचं वांगं भाजता येतं का?

त्या खेपेला मी परीक्षेला बसलोच नाही. झोन बसला, आता कागद कशाला, ही माझी ऐट. पुढे सुपरवायझरच्या जागेसाठी कागदच मागितला आणि तिशीतला एक पोरगा माझ्या डोक्यावर आला. तू म्हणशील, म्हणजे कागद हवाच ना काका? हवा असेल. हट्टी होतो, चुकलोही असेन. पण पहिल्याच महिन्यात रात्री दोनला त्या पोराचा फोन कोणाला आला? मलाच. तोही एकदा नाही, दोनदा.

असो. तुझ्या ठिबकच्या नळ्यांच्या लाइनवर हॉल-ऑफची, म्हणजे नळी ओढणाऱ्या भागाची, मोटर सारखी ट्रिप होते म्हणालीस ना? चौदांत एक कोर्स मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हचाच आहे, मी पाहिलाय. सोमवारी त्या ड्राइव्हवर, म्हणजे व्हीएफडीवर, काय फॉल्ट कोड येतो तो वहीत लिही, त्या वेळी करंट किती होता तेही लिही. फोटो पाठवू नकोस, हातानं लिहून आण. रविवारी घरी ये.

तुझा,
काका