लाल बटूचा ग्रह पकडायचाय? प्रॉक्झिमा सोड आधी

प्रॉक्झिमा हा लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड तारा, ४.२ प्रकाशवर्षांवर आहे, सगळ्यात जवळ, सगळं खरं, पण त्याचा ग्रह २०१६ मध्ये सापडला तो ताऱ्याच्या डुलण्यावरून, ट्रान्झिट (ग्रह ताऱ्यासमोरून जाताना उजेड किंचित घटतो ते) काही सापडलेलं नाही, मग रात्रभर कॅमेरा लावून तू बघणार काय?

जीजे १२१४ घे, हाही लाल बटू. भुजंगधारीत आहे, साधारण ४८ प्रकाशवर्षं. त्याचा ग्रह २००९ मध्ये एमअर्थ या लाल बटूंचे ग्रह शोधणाऱ्या टीमने ४० सेंमीच्या दुर्बिणींनी पकडला, म्हणजे हौशी लोकांकडे असते तेवढीच. तारा सूर्याच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा, त्यामुळे ग्रह आडवा आला की उजेड १ टक्क्याहून जास्त घटतो, आणि सूर्यासमोरून पृथ्वी गेली तर ०.०१ टक्कासुद्धा नाही! फेरी दीड दिवसाच्या आसपास, ट्रान्झिट तासाच्या आत संपतं, पण आधी एक तास आणि नंतर एक तास डेटा हवाच. आपल्याकडून एप्रिल-मे, पावसाळा लागायच्या आत.

फिल्टर लाल किंवा आय-बँड (लालच्या पलीकडचा, जवळचा अवरक्त) लाव, निळ्यात हा तारा जवळपास दिसतच नाही. आणि तुलनेचे तारे (त्याच फोटोतले, ज्यांच्याशी उजेड ताडून बघायचा) निवडताना शक्य तितके लालसर बघ, नाहीतर तारा क्षितिजाकडे उतरला की उजेडाचा आलेख आपोआप कलतो आणि आपल्याला वाटतं ग्रह आला (मी एकदा मित्रांना फोन करून मोकळा झालो होतो 😅). मधेच उजेड एकदम वर उडाला तर घाबरून पॉइंट डिलीट करू नको, हे तारे भडकतात, तो फ्लेअर असू शकतो.

हात बसवायला आधी एचडी १८९७३३ हा तारा कर, तो नारिंगी आहे, लाल नाही, पण घट २ टक्क्यांच्या वर.